बांधकाम साइटच्या फाइली क्लाउडवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिस गंगापूर रोडला, एक साइट पाथर्डी फाट्याला, दुसरी आडगावला, आर्किटेक्ट कॉलेज रोडला आणि आरसीसी कन्सल्टंट पुण्यात. नाशिकमधल्या मध्यम बिल्डरांचा आणि कंत्राटदारांचा कारभार साधारण असाच पसरलेला असतो. पुढची उत्तरे अशा कार्यालयांसाठी आहेत.

ड्रॉइंग व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात आणि काम अडत नाही. मग क्लाउड (इंटरनेटवरची साठवण) कशाला?

ए१ शीट ८४१ मिमी लांब असते. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. म्हणजे कागदाच्या एका मिलिमीटरला दोन पिक्सेलही मिळत नाहीत. २.५ मिमी उंचीचा आकडा पाच पिक्सेलांत कोंबला की १० डाय आणि १६ डाय (सळईचा व्यास, मिमीत) यांत फरक दिसत नाही, आणि सळया बांधणारा फिटर अंदाजाने वाचतो.

पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी जाते, हे खरे. पण ग्रुपमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल साहेबांनी बघितलेले' अशा तीन पीडीएफ असतील, तर यातली कुठली बांधायची हे व्हॉट्सॲप सांगत नाही. शिवाय फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून काढल्याची वेळ आणि जागा या नोंदी निघून जातात. वर्षभराने वाद झाला की तो फोटो कोणत्या स्लॅबचा आणि कधीचा, हे फाइल बघून सांगता येत नाही.

व्हॉट्सॲप बंद करायची गरज नाही. त्यावर फाइल पाठवणे बंद करा आणि फक्त लिंक पाठवा. हा एक नियम पाळला गेला नाही, तर कितीही महागडी सेवा घ्या, पैसे वाया जातात.

गूगल घ्यावे की मायक्रोसॉफ्ट?

ऑफिसात दिवसभर एक्सेल चालत असेल आणि आरए बिले (चालू कामाची टप्प्याटप्प्याने निघणारी बिले) त्यातच बनत असतील, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ सोयीचे. बिझनेस बेसिक योजनेतही प्रत्येक वापरकर्त्याला १ टीबी वनड्राइव्ह मिळते आणि सोबत शेअरपॉइंट (संस्थेच्या सामायिक फाइलींची जागा) येते. सगळी मंडळी जीमेल आणि अँड्रॉइड फोनवर रुळलेली असतील, तर गूगल वर्कस्पेस लवकर अंगवळणी पडते. त्यातल्या बिझनेस स्टार्टर योजनेत माणशी ३० जीबीच जागा असते आणि साइट फोटोंना ती पुरत नाही. बिझनेस स्टँडर्डमध्ये माणशी २ टीबी मिळतात. रेव्हिटच्या थ्रीडी मॉडेलवर काम करणाऱ्यांनी ऑटोडेस्क डॉक्स बघावे. नुसत्या ऑटोकॅडसाठी ते घेण्याची घाई नको.

मालकाच्या खासगी जीमेलवरची १५ जीबी जागा मात्र अजिबात वापरू नका. ती ड्राइव्ह, फोटो आणि मेल या तिन्हींत वाटलेली असते. साइटच्या फोटोंनी ती भरली की मेल येणे थांबते, आणि ते टेंडरच्या शेवटच्या दिवशी लक्षात येते.

जागा किती लागेल?

ड्रॉइंगना फार नाही, फोटोंना लागते. एका साइटवर दिवसाला ४० फोटो आणि प्रत्येकी ४ एमबी धरले तर रोजचे १६० एमबी होतात, २६ दिवसांचे सव्वाचार जीबीच्या आतबाहेर. दोन वर्षांच्या साइटचे १०० जीबी धरा. चार साइटी म्हणजे ४०० जीबी, त्यात व्हिडिओ नाहीत. स्लॅब भरतानाचा दहा मिनिटांचा फोर-के व्हिडिओ एकटाच काही जीबी खातो. व्हिडिओ १०८० पिक्सेलवर ठेवा. व्हायब्रेटर फिरला की नाही ते त्यातही दिसते.

आमच्याकडे २०० जीबी जुना डेटा आहे. चढायला किती वेळ?

कंपनीने सांगितलेला स्पीड बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. स्पीड टेस्टमधला अपलोडचा आकडा बघा. अपलोड २० एमबीपीएस असेल तर २०० जीबीला कागदावर सव्वाबावीस तास लागतात, १०० असेल तर साडेचार तास, आणि साइटवरच्या डोंगलचा ५ असेल तर जवळजवळ ८९ तास. प्रत्यक्षात यात तिसरा हिस्सा तरी वाढवून धरा, कारण हजारो बारीक फाइली एका मोठ्या फाइलपेक्षा सावकाश चढतात.

म्हणून जुना डेटा फायबर असलेल्या ऑफिसमधूनच चढवा, साइटच्या केबिनमधून नाही. राउटर आणि काँप्युटर दोन्ही यूपीएसवर हवेत. काँप्युटर झोपी जाण्याची सेटिंग बंद करायला लोक हमखास विसरतात, आणि सकाळी बघावे तर अपलोड रात्री अकरालाच थांबलेले असते.

फोल्डर कसे लावावेत?

साइटनिहाय एक मुख्य फोल्डर आणि आत सात-आठच कप्पे: मंजुरी, चालू ड्रॉइंग, जुनी ड्रॉइंग, आवक, साइट फोटो, टेस्ट रिपोर्ट, मोजमाप आणि बिले, पत्रव्यवहार. नावापुढे ०१, ०२ असे आकडे द्या म्हणजे क्रम हलत नाही. 'इतर' नावाचा फोल्डर करू नका. महिनाभरात निम्म्या फाइली त्यातच जाऊन बसतात.

खोली चार पातळ्यांपेक्षा जास्त नको. याला तांत्रिक कारण आहे. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटला फोल्डर आणि फाइलच्या नावांसह पूर्ण पत्ता ४०० अक्षरांपर्यंत चालतो, पण विंडोजमधले बरेच जुने प्रोग्रॅम २६० वर अडतात आणि एक्सेल तर २१८ वरच. फाइल क्लाउडवर दिसते पण काँप्युटरवर उघडत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा लांबलेला पत्ताच निघतो. नावात तारांकित चिन्ह, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा कोलन आणि तिरपी रेघ टाळा. तारीख लिहिताना १२/०६ असे लिहायची सवय इथे नडते.

फाइलच्या नावात क्रम असा ठेवा: साइटचे लघुरूप, विंग, मजला, विषय, रिव्हिजन (सुधारित आवृत्तीचा क्रमांक, जसे आर२). तारीख वर्षापासून सुरू करा, म्हणजे यादी आपोआप लागते. फाइलची नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी. मराठी नावे चालतात, पण त्यांची लिंक हातभर लांब होते आणि जुन्या झिप सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

नवीन रिव्हिजन आले की नेमके काय करायचे?

सगळ्या व्यवस्थेचा कस इथेच लागतो. समजा, चौथ्या स्लॅबच्या एका बीमला आर२ मध्ये खाली १६ डायच्या ३ सळया होत्या आणि आर३ मध्ये २० डायच्या २ व १६ डायची १ झाली. सळया दोन्हीकडे तीनच. सेंटरिंगवर उभे राहून वरवर बघणाऱ्याला फरक कळणार नाही, पण स्टीलचे क्षेत्रफळ ६०३ वरून ८२९ चौरस मिमीवर गेलेले असते.

कन्सल्टंटकडून आलेली फाइल आधी 'आवक'मध्ये पडते. ऑफिसातला एकच ठरलेला माणूस, त्याला ड्रॉइंग कंट्रोलर म्हणा किंवा नुसता ड्राफ्ट्समन, ती उघडून रिव्हिजनचा रकाना आणि बदलाभोवती काढलेले ढगाच्या आकाराचे वेढे तपासतो. मग आर२ ची पीडीएफ 'जुनी ड्रॉइंग'मध्ये हलवतो आणि आर३ 'चालू ड्रॉइंग'मध्ये ठेवतो. 'चालू'मध्ये एका शीटची एकच पीडीएफ असते. त्यानंतर ग्रुपवर लिंक आणि एक ओळ: कोणता बीम, काय बदलले. साइट इंजिनिअरने 'मिळाले' एवढे म्हणून भागत नाही. त्याने आर२ ची छापील प्रत फिटरकडून परत घ्यायची, तिच्यावर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा आणि त्या शिक्क्याचा फोटो टाकायचा. क्लाउडवर आर३ आणि साइटच्या प्लायवर खिळ्याने ठोकलेले आर२, अशीच गफलत सर्वात जास्त होते.

रिव्हिजनसाठी क्लाउडच्या आपोआप साठणाऱ्या आवृत्त्यांवर विसंबू नका. गूगल ड्राइव्हवर पीडीएफ किंवा ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलची जुनी आवृत्ती कायम ठेवण्याची खूण केली नसेल तर ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्या की पुसली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्टकडे मूळ सेटिंगमध्ये ५०० आवृत्त्या राहतात, पण त्या जागा खातात: ४० एमबीचे ड्रॉइंग ५० वेळा सेव्ह केले की २ जीबी गेले. चालू कामाच्या डीडब्ल्यूजीला त्या आवृत्त्या उपयोगी आहेत. साइटला दिलेली प्रत्येक पीडीएफ मात्र रिव्हिजनच्या आकड्यासह वेगळी जपायची.

साइटवर क्यूआर कोड लावतात, त्याचा उपयोग होतो का?

होतो, कोड फाइलचा न काढता 'चालू ड्रॉइंग' फोल्डरचा काढला तर. फाइल बदलली की तिची लिंक बदलते, फोल्डरची बदलत नाही. कोड लॅमिनेट करून केबिनच्या दारावर आणि प्रत्येक मजल्याच्या जिन्यापाशी लावा. परवानगी फक्त बघण्याची आणि ठरावीक खात्यांनाच. 'लिंक असलेल्या कोणालाही' असे ठेवले तर येणारा-जाणारा ब्रोकरही तुमचे प्लॅन उघडेल.

फाइली हलवल्यावर ऑटोकॅडमध्ये एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेली दुसरी ड्रॉइंग) सापडत नाहीत. का?

कारण एक्सरेफ जोडताना पूर्ण पत्ता नोंदला गेला, म्हणजे डी ड्राइव्हपासूनचा. आता ते ड्राइव्हच उरलेले नाही. हलवण्याआधी रेफरन्स मॅनेजरमध्ये सगळे पत्ते सापेक्ष (रिलेटिव्ह, म्हणजे मुख्य ड्रॉइंगच्या जागेपासूनचे) करून घ्या आणि मुख्य ड्रॉइंग व एक्सरेफ एकाच साइट फोल्डरच्या आत राहू द्या. बाहेर पाठवताना एट्रान्स्मिट आज्ञा वापरा. ती एक्सरेफ आणि फाँट बांधून एकच झिप देते. फाँट राहिला की मजकुराची रुंदी बदलते आणि मापे एकमेकांवर चढतात.

दुसरी अडचण कुलपाची. ऑफिसच्या सर्व्हरवर एकाने ड्रॉइंग उघडले की डीडब्ल्यूएल फाइल तयार होते आणि दुसऱ्याला ते फक्त वाचता येते. सिंक फोल्डरमध्ये, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या फोल्डरमध्ये, हे कुलूप दुसऱ्या काँप्युटरपर्यंत वेळेवर पोचेलच असे नाही. दोघे एकाच वेळी काम करतात, आणि मग नावामागे काँप्युटरचे नाव चिकटलेली जुळी फाइल उगवते. उपाय साधा आहे: एका डीडब्ल्यूजीचा एकच धनी. काम घेताना फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये न्यायची आणि संपल्यावर परत ठेवायची. शेअरपॉइंटमध्ये यासाठी चेक-आउटची सोय आहे, ती वापरा.

आरए बिलाच्या एक्सेल फाइलींचे काय?

मोजमापाचे शीट एका फाइलीत आणि ॲबस्ट्रॅक्ट (बिलाचा गोषवारा) दुसऱ्या फाइलीत असेल, तर दोन्हींमधले दुवे हलवल्यावर तुटतात. घातक गोष्ट अशी की लगेच काही दिसत नाही. एक्सेल जुनेच आकडे दाखवत राहते आणि सातवे बिल सहाव्याच्या मोजमापांवर निघते. हलवल्यानंतर डेटा मेनूतल्या एडिट लिंक्समध्ये (नव्या एक्सेलमध्ये वर्कबुक लिंक्स) जाऊन प्रत्येक दुवा नव्या जागेला जोडा. जमले तर दोन्ही शीट एकाच फाइलीत आणा. जुन्या एक्सएलएस स्वरूपातल्या फाइली एक्सएलएसएक्समध्ये बदला, नाहीतर दोघांना एकाच वेळी त्यात लिहिता येत नाही.

टॅलीचा डेटा पण त्याच फोल्डरमध्ये ठेवू का?

नाही. टॅली डेटाच्या अनेक फाइलींत सतत लिहीत असते आणि सिंक सॉफ्टवेअर त्या मध्येच उचलते. कंपनी उघडेनाशी होऊ शकते. टॅलीतून रोज बॅकअप घ्या आणि तेवढी बॅकअप फाइल क्लाउडवर टाका.

बेसमेंटमध्ये नेटवर्क नाही, इगतपुरीच्या साइटवर पावसात वीजच नसते. मग?

गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह दोन्हींच्या फोन ॲपमध्ये फाइल ऑफलाइन ठेवता येते. त्या आठवड्यात लागणाऱ्या १५-२० शीट साइट इंजिनिअरने सोमवारी सकाळी नेटवर्कमध्ये असताना ऑफलाइन करून घ्यायच्या आणि खाली उतरण्याआधी एकदा ॲप उघडून ताज्या होऊ द्यायच्या. सबंध साइट फोल्डर फोनवर ओढू नका. फोन भरतो आणि मग माणूस वैतागून ॲपच काढून टाकतो.

पंचवटी आणि तपोवनाच्या बाजूला काम असलेल्यांनी २०२७ च्या सिंहस्थाचाही विचार करावा. पर्वणीच्या गर्दीत मोबाइल नेटवर्क दाटते. त्या आठवड्याची शीट आधीच छापून आणि ऑफलाइन ठेवून घ्या.

कोणाला कोणती परवानगी द्यावी?

साइट इंजिनिअरला 'चालू ड्रॉइंग' फक्त बघण्यासाठी, 'साइट फोटो' आणि 'टेस्ट रिपोर्ट'मध्ये लिहिण्याची मुभा. आर्किटेक्ट आणि कन्सल्टंटला 'आवक'मध्ये टाकण्याची. सेंटरिंग, फिटिंग, प्लंबिंगच्या कंत्राटदाराला त्याच्यापुरता एक फोल्डर, त्यात त्याचीच ड्रॉइंग. दर आणि बिले कोणत्याही साइट खात्याला दिसता कामा नयेत. कामगारांच्या आधारच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये, दोघांपुरत्याच. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तसेही आधारच्या प्रती ग्रुपवर फिरवणे गैरच.

मुकादमाला खाते देण्यापेक्षा छापील शीट द्या. उगाच पंचवीस लायसन्स घेण्यात अर्थ नाही. सात-आठ माणसे रोज फाइली हाताळतात, बाकीचे बघतात.

इंजिनिअर नोकरी सोडून गेला आणि फाइली त्याच्या खात्यात राहिल्या. हे टाळता येईल का?

फाइली माणसाच्या खात्यात ठेवूच नका. गूगलमध्ये शेअर्ड ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टमध्ये शेअरपॉइंट साइट बनवा. तिथे मालकी संस्थेची राहते. कर्मचाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये ठेवलेल्या फाइली खाते काढून टाकल्यावर मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतात आणि मग पुसायला निघतात. माणूस जाताना आधी पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, फाइली हलवा आणि शेवटी लायसन्स काढा.

दुहेरी पडताळणीचा ओटीपी साइटच्या सामायिक सिमवर ठेवू नका. सिम ज्याच्या खिशात, खाते त्याचे. ऑथेंटिकेटर ॲप वापरा. गूगल १० बॅकअप कोड देते, ते छापून ऑफिसच्या तिजोरीत ठेवा.

क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही झाला. सिंक म्हणजे आरसा: एका काँप्युटरवर फोल्डर पुसला की सगळीकडून पुसला जातो. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद प्रतीच वर चढतात. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. त्यानंतर ॲडमिनच्या हाती आणखी २५ दिवस असतात. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटच्या व्यावसायिक खात्यात ९३ दिवस मिळतात. एखादी फाइल गायब झाल्याचे फायनल बिलाच्या वेळी, म्हणजे सहा महिन्यांनी कळले, तर या मुदती कामाच्या नाहीत.

दर आठवड्याला २ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. अशा दोन डिस्क आलटून पालटून वापरा, त्यातली एक ऑफिसबाहेर. तीन महिन्यांतून एकदा त्यातली पाच-सहा ड्रॉइंग उघडून बघा. कधीच न उघडलेला बॅकअप हा बॅकअप धरू नये.

प्रत्यक्ष हलवण्याचा दिवस कसा आखावा?

आधी एकच साइट, तीही पायाच्या टप्प्यातली. दोन आठवडे ती चालवून मग बाकीच्या. स्लॅबच्या आठवड्यात किंवा महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा) तिमाही अहवाल भरायच्या दिवसांत हात लावू नका.

हलवण्याआधी साफसफाई करा: बीएके फाइली (ऑटोकॅडच्या आपोआप बनलेल्या जुन्या प्रती), डीडब्ल्यूएल, ऑटोसेव्हच्या फाइली, जुळे फोटो. मग शनिवारी संध्याकाळी जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता करा. हीच पायरी गाळली जाते, आणि रविवारी कुणीतरी जुन्या जागीच फाइल सेव्ह करून ठेवतो. कॉपी सिंक ॲपमधून करा. ब्राउझरमधून चढवल्यास फाइलच्या बदलाची मूळ तारीख हरवू शकते. संपल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा आणि प्रत्येक फोल्डरमधल्या काही फाइली उघडा. जुना सर्व्हर तसाच फक्त वाचण्यापुरता तीन महिने राहू द्या.

फोटोंचा फोल्डर ऑफिसच्या काँप्युटरवर सिंक करू नका. तीन लाखांपेक्षा जास्त फाइली सिंक न करण्याचा सल्ला मायक्रोसॉफ्टच देते, आणि साधा काँप्युटर त्याच्या बराच आधी धापा टाकू लागतो.

महापालिकेकडून आलेल्या डिजिटल सहीच्या पीडीएफ?

उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी 'मंजुरी'त ठेवा. ती उघडून पुन्हा पीडीएफ म्हणून छापली किंवा स्कॅन केली तर सही नुसते चित्र उरते, पडताळता येत नाही. कमेन्समेंट (काम सुरू करण्याच्या) आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या मूळ फाइलींना नावातच 'मूळ' जोडा.

क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे) रिपोर्ट कसे लावावेत?

टेस्टच्या नव्हे, काँक्रीट ओतल्याच्या तारखेने. काँक्रीटच्या आयएस ४५६:२००० या मानकाप्रमाणे ६० घनमीटरच्या स्लॅबला ५ नमुने लागतात, प्रत्येकी ३ म्हणजे १५ क्यूब, आणि ७ दिवसांचे घेतले तर ते वेगळे. रिपोर्ट २८ दिवसांनंतर येतात, तोवर वरचा स्लॅब झालेला असतो. त्याच उपफोल्डरमध्ये त्या दिवसाची आरएमसी (तयार काँक्रीट) चलने, सळयांच्या तपासणीचे फोटो आणि पोअर कार्ड (काँक्रीट ओतण्याच्या परवानगीची नोंद) ठेवा. मग एका स्लॅबबद्दल विचारणा झाली की एकच फोल्डर उघडायचा.

साइट संपल्यावर हे सगळे किती वर्षे जपायचे?

रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवला गेला तर तो प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने) दुरुस्त करायचा असतो. तेव्हा ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट आणि फोटो निदान तोवर हवेतच, आणि मोजणी शेवटच्या फ्लॅटच्या ताब्यापासून करा. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, आणि संस्था कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे. साइट बंद झाली की फोल्डर सगळ्यांसाठी फक्त वाचण्यापुरता करा, कंत्राटदारांच्या परवानग्या काढा, फोटोंतले जुळे उडवा आणि एक पूर्ण प्रत डिस्कवर घ्या. आरसीसीची शेवटची रिव्हिजन आणि मंजूर प्लॅन मात्र कायमचे ठेवा. दहा वर्षांनी सोसायटी लिफ्ट बदलायला किंवा गच्चीवर सोलर बसवायला निघाली की तेच मागायला येते.